ईदची चंद्रकोर

रमजान महिन्याचा एकोणतिसावा दिवस कलू लागला, की मुसलमान वस्त्यांतील आबालवृद्धांचे डोळे पश्चिमेकडे लागतात. मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावी माणसे घरांच्या गच्च्यांवर चढतात. मुंबईत मशिदींच्या सज्ज्यांतून आणि उंच इमारतींच्या माथ्यांवरून क्षितिज न्याहाळले जाते. कोकणच्या किनाऱ्यावर तर वाळूत उभे राहिले तरी पुरते, कारण सूर्य ज्या समुद्रात बुडाला, त्याच समुद्रावर चंद्र दिसायचा असतो. दिवसभराचा उपवास खजूर व पाणी घेऊन नुकताच सोडलेला असतो. सूर्य मावळला त्या जागेच्या थोडे वर पाहा, असे वडीलधारी माणसे मुलांना सांगत असतात. मुलांची दृष्टी तीक्ष्ण. पुष्कळदा पहिले बोट त्यांचेच वर जाते.

ही चंद्रकोर नखाच्या कडेएवढी बारीक असते. सूर्यामागोमाग तीही थोड्याच वेळात मावळते आणि त्या वेळी पश्चिमेला संधिप्रकाश पसरलेला असतो. पांढऱ्या वस्त्रावरचा पांढरा दोरा हुडकावा, तसेच ते काम. ती दिसली तर दुसऱ्या दिवशी ईद; न दिसली तर तिसावा उपवास, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ईद निश्चित, कारण मुस्लिम कालगणनेतील कोणताही महिना तीस दिवसांहून मोठा नसतो. एकोणतिसाव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत, उद्या सण आहे की उपवास, हे मशिदीच्या इमामालाही ठामपणे सांगता येत नाही. दिनदर्शिकेत वर्षाच्या आरंभी छापलेली ईदची सुट्टी कधी कधी एका दिवसाने पुढेमागे होते, ती यामुळेच.

हा सण दर वर्षी निराळ्या तारखेस का येतो, याचे कारणही चंद्रातच आहे. एका चंद्रदर्शनापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने मिळून सुमारे तीनशे चौपन्न दिवस होतात. सौर वर्षाहून ते दहा-अकरा दिवसांनी कमी पडतात. मराठी महिनेही चंद्राचेच असतात. परंतु सुमारे तीन वर्षांनी एक अधिक महिना धरून ही तूट भरून काढली जाते, म्हणून दिवाळी नेहमी थंडीच्या तोंडाशी येते. मुस्लिम कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून एक फेरी पूर्ण करतो. सन २००० मध्ये रमजान ईद जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा एकदा, अशी दोन वेळा आली होती. सन २०३३ मध्येही तसेच घडणार आहे. सन २०२५ मध्ये आणखी एक सुंदर योग जुळून आला. ३० मार्च रोजी सकाळी घरोघर गुढ्या उभारल्या गेल्या, आणि त्याच दिवशी सायंकाळी ईदची चंद्रकोर दिसली. एकाच चंद्रकोरीने कोणाचे नवे वर्ष सुरू झाले, तर कोणाचा उपवासांचा महिना संपला.

चंद्र दिसल्याचे एकाने सांगितले म्हणजे झाले, असे मात्र होत नाही. निरनिराळ्या शहरांत धर्मशास्त्र जाणणाऱ्या मंडळींच्या समित्या असतात. त्यांस ‘रुयत-ए-हिलाल’ समिती म्हणतात. ‘हिलाल’ म्हणजे नवी चंद्रकोर आणि ‘रुयत’ म्हणजे पाहणे. ज्यांनी चंद्र पाहिला, त्यांची साक्ष ही समिती घेते. आभाळ भरून आलेले असेल, तर दुसऱ्या गावाहून विश्वासू माणसांकडून खबर मागवली जाते. मग मशिदींतून घोषणा होते. दाऊदी बोहरा समाजाची रीत मात्र वेगळी आहे. त्यांची कालगणना गणिताने आधीच ठरलेली असते. तीत रमजानचे दिवस नेहमी तीस धरले जातात. त्यामुळे मुंबईच्या भेंडीबाजारातील बोहरी घरांत ईद इतरांहून बहुधा एक-दोन दिवस आधी साजरी होते. एका गल्लीत नवी वस्त्रे आणि पलीकडच्या गल्लीत उपवास, असे दृश्य तेथे कोणास नवलाचे वाटत नाही.

या सणाचे नाव ‘ईद-उल्-फित्र’, म्हणजे उपवास सोडण्याचा सण. त्याच्या आधीचा महिना जाणल्यावाचून त्याचा आनंद कळत नाही. रमजानमध्ये पहाट फुटण्यापूर्वी जे खायचे ते खाऊन घ्यायचे, यास सहरी म्हणतात. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही. उन्हाळ्यात रमजान आला आणि दिवसभर उभे राहून माग चालवायचा असला, म्हणजे या नियमाची कसोटी लागते. आजारी माणसे, प्रवासी, गर्भवती स्त्रिया यांस सवलत असते. सुटलेले उपवास त्यांनी पुढे सवडीने भरून काढावेत. जे वार्धक्यामुळे कधीच उपवास करू शकणार नाहीत, त्यांनी प्रत्येक सुटलेल्या दिवसाबद्दल एका गरजूस जेवू घालावे, असा नियम आहे. लहान मुलांवर उपवासाची सक्ती नसते. तरी ती हट्टाने एखादा रोजा धरतातच. मुलाने पहिला रोजा पूर्ण केला, की त्याच्या गळ्यात हार घालून घरात कौतुक होते. रात्री मशिदींत ‘तरावीह’ नावाचा विशेष नमाज होतो. पुष्कळ मशिदींत महिनाभर थोडेथोडे करून त्यात संपूर्ण कुराणाचे पठण पुरे केले जाते.

मुंबईच्या महंमद अली मार्गावर रमजानच्या रात्री खाद्यपदार्थांच्या दुकानांची रांग लागते आणि सर्व धर्मांचे लोक तेथे गर्दी करतात. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात ती बहुधा याच गर्दीची. ती पाहून रमजान म्हणजे खाण्यापिण्याचा महिना, असा काहींचा ग्रह होतो, हे दुर्दैवच म्हणावयाचे. दिवसाचे चौदा तास उपाशी राहिलेल्या माणसाच्या घासाचे मोल त्या छायाचित्रांत उमटत नाही.

चंद्र दिसला, की त्या रात्रीस चाँदरात म्हणतात. बाजार उशिरापर्यंत उघडे असतात. शिंप्याच्या दुकानात शेवटच्या सदऱ्याला गुंड्या लागत असतात. बांगड्यांच्या दुकानांपुढे मुलींची दाटी होते. घरी त्यांच्या हातांवर मेंदी रेखली जाते. अत्तर, टोप्या, सुरमा, सुका मेवा यांची खरेदी चाललेली असते. परंतु या सर्व धामधुमीत कुटुंबप्रमुखाच्या मनात एक हिशेब चालू असतो. घरातील प्रत्येकाचा फित्रा पोहोचला की राहिला?

फित्रा म्हणजे ईदच्या निमित्ताने गरिबांना द्यावयाचे धान्य किंवा त्याचे मोल. उपवासाच्या महिन्यात जकात नावाचे दुसरे एक दानही पुष्कळ जण देतात. ज्याच्यापाशी ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा भाग गरजूंना द्यावा, असा जकातीचा नियम आहे. जकात संपत्तीवर मोजली जाते. फित्रा माणसांवर मोजला जातो. घरात सात माणसे असली तर सात जणांचा फित्रा. पाळण्यातील तान्हे मूलही त्या मोजणीतून सुटत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे आहेत. तिच्या नियमानुसार ईदची पहाट फुटण्यापूर्वी चाँदरातीला जन्मलेल्या बाळाच्या नावानेही फित्रा द्यावा लागतो. ज्याने अजून डोळेदेखील नीट उघडले नाहीत, त्याच्या वाट्याला जगात आल्याबरोबर कोणाची तरी भूक भागवण्याचे काम येते!

माणशी सुमारे पावणेदोन ते दोन किलो गहू, किंवा त्याची किंमत, असे हनफी परंपरेत फित्र्याचे साधारण माप आहे. दर वर्षी गव्हाच्या भावाप्रमाणे गावोगावच्या मशिदींतून त्या वर्षीची रक्कम जाहीर केली जाते. ज्यांची ऐपत असेल, त्यांनी गव्हाऐवजी खजुराच्या किंवा मनुकांच्या भावाने अधिक द्यावे, असेही सुचवले जाते. कोकणातील मुसलमान मुख्यतः शाफई परंपरेचे. तेथे जे रोजचे मुख्य अन्न, तेच फित्र्यात द्यावयाचे. म्हणून रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातील खेड्यांत तांदूळ मोजला जातो, तोही माणशी सुमारे अडीच ते तीन किलो.

शाफई परंपरेचा आणखी एक नियम मोठा विचार करण्याजोगा आहे. ईदच्या दिवसाला आणि रात्रीला आपल्या कुटुंबास पुरेल, त्याहून अधिक अन्न ज्याच्या घरी असेल, त्याने फित्रा द्यावा, असे ती सांगते. येथे श्रीमंतीची अट नाही. त्यामुळे असेही घडते, की एखाद्या गरीब मच्छीमाराच्या झोपडीत चार घरांतून तांदूळ येतो, त्यातील आपल्यापुरता तो ठेवतो आणि उरलेल्यातून आपला फित्रा काढून दुसऱ्या दारी पोहोचवतो. त्या एका रात्री घेणारा हातही देणारा होऊ शकतो.

या दानाला वेळेचे बंधन आहे. ते ईदच्या नमाजापूर्वी पोहोचले पाहिजे. नमाजानंतर दिले, तर ते फित्रा म्हणून न गणता सामान्य दान म्हणून गणले जाईल, अशी प्रेषित महंमदांची शिकवण सांगितली जाते. कारण उघड आहे. ईदच्या सकाळी कोणालाही दुसऱ्याच्या दारी हात पसरावा लागू नये, यासाठी तर हे सारे आहे. सणाची वेळ टळून गेल्यावर आलेल्या धान्याने भूक भागेल, पण सण साजरा होणार नाही. समंजस माणसे म्हणूनच चाँदरातीची वाट पाहत नाहीत. चार-आठ दिवस आधीच ती फित्रा देऊन टाकतात. म्हणजे घेणाऱ्यालाही मुलांचे कपडे शिवून घ्यायला आणि शेवया, दूध, साखर आणायला अवधी मिळतो.

द्यावे कसे, यालाही महत्त्व आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही मराठीत रुळलेली शिकवण इस्लामी परंपरेतही आहे. समोरच्यास हे दान आहे असे सांगणे आवश्यक नसते. देणाऱ्याच्या मनात हेतू असला, की पुरे. म्हणून कित्येक जण शेजारच्या विधवेच्या मुलांच्या हाती पैसे देतात ते ईदी म्हणून. ईदी म्हणजे थोरांनी लहानांना दिलेला सणाचा खाऊ. ती घेताना कोणाचीच मान खाली जात नाही. याउलट, हल्ली काही ठिकाणी धान्याच्या पिशव्या वाटताना घेणाऱ्यांची छायाचित्रे काढली जातात; ती पद्धत या शिकवणीशी मुळीच जुळत नाही.

सन २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. त्या वर्षी २५ मे रोजी ईद आली. ईदगाहांची मैदाने ओस पडली होती आणि लोकांनी घरीच प्रार्थना केली. मैदानात जमण्याच्या बाबतीत असा पर्याय निघाला. फित्र्याचे कर्तव्य मात्र तसेच राहिले. हातावर पोट असलेल्या कितीतरी लोकांची कमाई त्या दिवसांत बंद झालेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दानाची निकड ध्यानात येते.

ईदच्या दिवशी घरात सर्वांत आधी जाग येते ती स्त्रियांना. चुलीवर मोठ्या पातेल्यात दूध आटत असते. रात्री भिजवून ठेवलेल्या खारका चिरल्या जातात, बदामांची साले निघतात, तुपावर परतलेल्या शेवयांचा खमंग वास घरभर दरवळतो. हाच तो शिरखुर्मा. फारसी भाषेत ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. त्यात चारोळी व पिस्ते पडतात. कोणी वेलदोडा घालतात, कोणी केशर. उन्हाळ्यात वाळवणाच्या शेवया करणाऱ्या मराठी घरांना या पदार्थाची ओळख करून देण्याची गरजच नाही. शेवयांच्या खिरीचा हा थोरला भाऊ. कोकणात शिरखुर्म्याच्या जोडीला तांदळाची सांदणे आणि घावनेही होतात.

स्नान करून, असतील त्यांतील उत्तम कपडे घालून व अत्तर लावून पुरुष आणि मुले ईदगाहाकडे निघतात. निघण्यापूर्वी काहीतरी गोड तोंडात घालायचे असते, कारण या दिवशी उपवास करणे निषिद्ध आहे. वाटेने ‘अल्लाहु अकबर’, म्हणजे ईश्वर सर्वांत महान आहे, असा उच्चार हलक्या आवाजात चालू असतो. जाताना एक वाट आणि येताना दुसरी, असा प्रघात आहे. त्यामुळे दुप्पट लोकांची गाठ पडते.

ईदगाह म्हणजे गावाबाहेरचे मोकळे मैदान. त्यास बहुधा छप्पर नसते; पश्चिमेकडे, म्हणजे भारतातून मक्केच्या दिशेला, एक भिंत तेवढी असते. रोजच्या नमाजापूर्वी अजान होते, परंतु ईदच्या नमाजाला अजान नसते. लोक आपण होऊन वेळेवर येतात. मैदानात सरळ रांगा धरल्या जातात. जो जसा येईल, तशी त्याला जागा मिळते. यंत्रमागांच्या मालकाशेजारी त्याच्याच कारखान्यातील कामगार खांद्याला खांदा लावून उभा असतो. नमाज लहानसाच असतो. त्यानंतर इमाम प्रवचन करतात, त्यास खुतबा म्हणतात. शेवटी सर्वांच्या सुखासाठी प्रार्थना होते आणि मग ‘ईद मुबारक’ म्हणत लोक परस्परांना तीन वेळा आलिंगन देतात. वर्षभर अबोला धरलेली माणसेही येथे समोरासमोर येतात, आणि गर्दीत तोंड चुकवणे सोपे नसते! स्त्रियांच्या नमाजाची व्यवस्था काही ठिकाणी स्वतंत्रपणे केलेली असते. बहुतेक स्त्रिया मात्र घरीच प्रार्थना करतात.

परतताना पुष्कळ जण कब्रस्तानात थांबतात. गेल्या ईदला जे सोबत होते आणि या ईदला नाहीत, त्यांच्यासाठी तेथे प्रार्थना केली जाते. नव्या कपड्यांतील मुले थोडा वेळ तेथे गप्प उभी राहतात, आणि फाटकाबाहेर आली की पुन्हा धावू लागतात.

मग दिवसभर घरोघर जाणे-येणे सुरू होते. हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती शेजारी येतात. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी शिरखुर्म्याचे डबे पोहोचवले जातात. दिवाळीत फराळाचे ताट ज्या दाराने आलेले असते, त्याच दाराने हा डबा परत जातो, आणि डबा रिकामा परत करू नये ही रीत दोन्ही घरे पाळतात. मुलांचे लक्ष मात्र ईदीकडे असते. आजोबा, मामा, आत्या, मोठी बहीण अशा साऱ्यांना सलाम करून झाला, की खिसा जड होतो. सायंकाळपर्यंत त्यातील बराचसा भाग पाळण्यांत, फुग्यांत आणि सरबतात खर्ची पडलेला असतो.

दुसऱ्या दिवसाला लोक ‘बासी ईद’ म्हणतात. राहिलेल्या नातेवाइकांच्या भेटी या दिवशी होतात. मुंबईत मुलांना घेऊन कुटुंबे समुद्रकाठी किंवा बागेत फिरायला जातात. मालेगावात दिवसरात्र चालणारा मागांचा खडखडाट ईदमुळे थांबलेला असतो, आणि त्या शांततेचीच गावाला सवय नसते.

रमजाननंतरच्या महिन्यास शव्वाल म्हणतात. त्यात आणखी सहा उपवास करण्याची ऐच्छिक प्रथा आहे. काही वडीलधारी माणसे बासी ईदपासूनच ते धरतात. घरात सारे गाढ झोपलेले असतात, मुलांच्या उशाशी ईदीची उरलेली नाणी असतात, आणि आजी स्वयंपाकघरात एकटीच सहरीसाठी उठून, आदल्या दिवशीचा उरलेला शिरखुर्मा हलकेच ऊन करीत असते.